मावारचं ओझं आणि तुझा कान

पत्र

ताई, मी २७ वर्षांची, पुण्याची. दीड वर्षापूर्वी नोकरी सोडून पंधरा दिवसांसाठी इंडोनेशियात गिली त्रावांगान बेटावर आले आणि इथलीच झाले. एका डाइव्ह सेंटरमध्ये डाइव्हमास्टरचं, म्हणजे पाहुण्यांना समुद्राखाली नेणाऱ्या वाटाड्याचं, प्रशिक्षण घेतेय. आम्ही तिघी एका घरात राहतो. एक मैत्रीण नागपूरची, एक लिस्बनची. इथे मोटारी नाहीत, घोडागाडी आहे. तिला चिदोमो म्हणतात. आमच्या शेजारच्या अंगणात एक चिदोमो असते. घोडीचं नाव मावार, म्हणजे गुलाब. ती हाकणाऱ्या काकांना आम्ही बापाक म्हणतो. आमच्या सेंटरचे हवेचे सिलिंडर रोज सकाळी तेच किनाऱ्यावर आणतात. आमच्याकडे नारळ पाठवतात, रात्री उशीर झाला तर कंदील घेऊन वाटेवर उभे राहतात.

गेल्या आठवड्यात मावारच्या छातीवर, पट्ट्याखाली, ओली जखम दिसली. लिस्बनच्या मैत्रिणीने फोटो काढला. त्यात बापाकचा चेहरा स्पष्ट दिसतो. तिला तो इंटरनेटवर टाकायचाय. नागपूरची म्हणते, आपण इथे पाहुण्या, आपल्याला काय अधिकार? दोघी चार दिवस एकमेकींशी बोललेल्या नाहीत. दोघी मला विचारतात, तू कुणाच्या बाजूने?

आणखी एक, हे कुणालाच सांगितलेलं नाही. अकरा दिवस माझ्या उजव्या कानाला दडे बसलेत. सर्दी झाली होती. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन मी रोज दोन डाइव्ह करते. परवा पाच-सहा मीटरवर इतकं दुखलं की डोळ्यांतून पाणी आलं, मग काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि बरं वाटलं. तेव्हापासून बारीक शिट्टी ऐकू येते. ऐन सीझन आहे, सुट्टी मागवत नाही. दर रविवारी आईला ‘सगळं मस्त’ सांगते. मी परत येऊ का?

– बेटावरची

उत्तर

अगं, तुझ्या पत्राचा शेवटचा परिच्छेद मी आधी घेते. मावारबद्दल मला खूप बोलायचंय, पण तुझा कान तेवढा वेळ थांबणारा नाही.

आज पाण्यात उतरू नकोस. उद्याही नको. सकाळची पहिली होडी पकडून शेजारच्या लोंबोक बेटावर बांगसालला उतर आणि तिथून मातारामला जाऊन कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखव. डॉक्टरला दोन गोष्टी आवर्जून सांग. एक, दुखणं खाली जाताना झालं. दोन, ‘सुटल्यासारखं’ झाल्यावर शिट्टी सुरू झाली. ते सुटणं म्हणजे बरं होणं असेलच असं नाही. ताणलेला पडदा फाटला की ताण उतरतो आणि दुखणं एकदम थांबतं. माणूस ‘हुश्श’ करतो आणि तसाच आणखी खाली जातो. पडद्याचं छोटं भोक बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप भरतं, पण तोवर कानात पाणी जाता कामा नये. शिट्टीबरोबर चक्कर येत असेल किंवा त्या कानाने कमी ऐकू येत असेल, तर इजा आतल्या कानापर्यंत गेलेली असू शकते. तिथे उशीर परवडत नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. तपासून कळेपर्यंत जोराने नाक शिंकरू नकोस, आणि नाक दाबून कानात हवा भरायची ती आपली नेहमीची युक्तीही करू नकोस.

हे तुला पाठ आहे. पुस्तकात वाचलंयस, परीक्षेत लिहिलंयस, नवशिक्यांना रोज सांगतेसही. पृष्ठभागावरून १० मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो, कानातली हवा निम्म्या जागेत कोंबली जाते, आणि म्हणूनच कानाचा सगळा खेळ पहिल्या काही मीटरांतच होतो. सर्दीने नाक-कान जोडणारी नळी सुजलेली असली की ती जागा भरून काढणारी हवा आत जात नाही. गोळीने सूज ओसरते, पण गोळीचा असर डाइव्ह संपायच्या आधी संपला तर काय? मग हवा आत अडकलेली आणि तू वर येतेयस. खाली जाताना कान दुखला तर निदान वर यायची वाट असते. वर येताना अडकलं तर जायचं कुठे? हवेला अंत असतो.

आणि तू एकटी नसतेस. तुझ्या मागे पाहुणे असतात. बाली आणि लोंबोकच्या मधल्या सामुद्रधुनीतून प्रशांत महासागराचं पाणी हिंदी महासागरात वाहतं, त्या भागातली ओढ तू रोज अंगावर घेतेस. फाटलेल्या पडद्यातून गार पाणी आत शिरलं की डोकं गरगरतं, वर कुठे आणि खाली कुठे हे कळत नाही. अशा वेळी तुझ्या भरवशावर आलेल्या माणसांनी कुणाकडे बघायचं?

मला हे कोरडेपणाने सांगता येत नाही, कारण मी हेच केलंय. अंदमानात, सुट्टीचे मोजके दिवस हाताशी होते, सर्दी होती, आणि बरोबरच्या माणसांचा विरस करायचा नव्हता. कुणी मला ढकललं नाही. मी स्वतः लपवलं. पंधरा वर्षं झाली. रात्री घर शांत झालं की माझ्या डाव्या कानात अजून रातकिड्यासारखा एक आवाज सुरू होतो. लोक म्हणतात सवय होते. होते, हे खरं आहे. पण शांतता कशी असते ते मी त्या कानाने पुन्हा ऐकलेलं नाही. तुझी शिट्टी दोन दिवसांची आहे. तिला पंधरा वर्षांची होऊ देऊ नकोस.

नागपूरच्या मैत्रिणीला वाईट वाटेल म्हणून लपवलं असशील. तिला सांगून बघ. ती तुझी बडी, पाण्यातली जोडीदार आहे. उडी मारायच्या आधी ती तुझे पट्टे तपासते, तुझ्या सिलिंडरची हवा उघडलीय का बघते, तुझ्या तोंडातल्या, श्वास घ्यायच्या रेग्युलेटरला पर्याय म्हणून स्वतःचा दुसरा तयार ठेवते. आणि तुझ्या कानाला अकरा दिवस दडे बसलेत हे तिला माहीत नाही! उद्या ही गोष्ट तिला पाण्याखाली कळली तर तिला किती वाईट वाटेल याचा विचार कर. डायव्हिंगमध्ये एक नियम आहे, आणि मला तो सगळ्या नियमांत मोठा वाटतो: कुणीही, कधीही, कुठल्याही कारणाने डाइव्ह रद्द करू शकतं, आणि कुणी का म्हणून विचारायचं नाही. तो नियम तू दुसऱ्यांसाठी पाळतेस. स्वतःसाठी वापर.

आता मावार.

माझे आजोबा मिरजेत टांगा हाकायचे. स्टेशनवरून दवाखान्यात जाणारे पेशंट, दर्ग्याला आलेले लोक, आणि कधीमधी सतारमेकर गल्लीतून निघालेला कापडात गुंडाळलेला तंबोरा. त्या तंबोऱ्यांसाठी आजोबा टांगा एवढा हळू हाकायचे की आम्ही पोरं बरोबरीने चालत जायचो. घोड्याला खरारा करताना ते डोळ्यांनी कमी आणि तळहाताने जास्त बघायचे. मानेपासून सुरुवात, मग खांदा, मग तंगाखालची जागा, मग पाय. तळहात एखाद्या जागी थांबला की आजी न विचारता घरातून जुनेर घेऊन यायची. पट्ट्याच्या शिवणीचा कडक दोरा, घामाचं वाळलेलं मीठ, आतल्या बाजूला चिकटलेला वाळूचा कण; जखम यातूनच सुरू होते. एका दिवसात होत नाही. आधी केस जातात, मग कातडी चमकायला लागते, मग ओली होते. तू पाहिलीस ती तिसरी पायरी आहे. म्हणजे पहिल्या दोन पायऱ्या तुम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून गेल्या, बापाकच्याही. हे मी तुला बोल लावायला सांगत नाही. घोडं बोलत नाही, म्हणून हात फिरवावा लागतो, एवढंच.

लिस्बनच्या मैत्रिणीने जखम पाहिली, हे तिचं चांगलं. तिला वाईट वाटलं हेही चांगलं, आणि नागपूरच्या मैत्रिणीने त्यावरून तिला बोलू नये. पण तो फोटो टाकू नका. त्यात एका माणसाचा चेहरा आहे, आणि तो माणूस तुमचा शेजारी आहे. बेट ३ किलोमीटर लांब आणि २ किलोमीटर रुंद. तिथे चेहरा लपवायला जागा नाही. ज्या लोकांनी त्याला कधी पाहिलं नाही ते त्याला राक्षस म्हणतील, आणि संध्याकाळी तोच माणूस तुमच्या दारावरून मावारला घेऊन जाईल. आणखी एक गोष्ट तू लिहिलेली नाहीस आणि ती आधी कळायला हवी: घोडी बापाकची स्वतःची आहे, की मालकाची? माझ्या लहानपणी मिरजेतले निम्मे टांगेवाले दुसऱ्याचा टांगा रोजाने घ्यायचे. रात्री मालकाला रोजाचे पैसे भरावेच लागायचे, घोडं लंगडलं तरी. बापाकचं तसंच असेल तर त्या फोटोने मार बसेल तो ज्याच्या हातात काहीच नाही त्याला.

नागपूरच्या मैत्रिणीचं ‘आपण पाहुण्या’ हेही मला पटत नाही. पाहुणा पंधरा दिवसांचा असतो. दीड वर्ष तुम्ही त्या बेटावरचं पाणी वापरताय, तिथलं जेवताय, बापाकचे नारळ खाताय. शिवाय मावार ओढते काय, ते एकदा बघ. तूच लिहिलंयस: तुमच्या सेंटरचे सिलिंडर.

हे वाक्य तू सहज लिहून पुढे गेलीस. मी तिथेच थांबले. भरलेला एक सिलिंडर १५ किलोंच्या पुढेच असतो. तुमच्या दोन होड्या सकाळी सुटत असतील तर २४ सिलिंडर तरी लागत असतील. म्हणजे साडेतीनशे किलोंच्या वर, त्यात शिशाचे पट्टे, जाकिटं, पाहुण्यांच्या पिशव्या, गाडीचं स्वतःचं वजन आणि हाकणारा माणूस. तिकडची घोडी आपल्या तट्टाएवढी, लहान चणीची. डांबरी रस्त्यावर चाक एकदा फिरलं की गाडी आपल्या अंगाने धावते. वाळूत तसं होत नाही, तिथे प्रत्येक पाऊल नव्याने ओढावं लागतं. आणि हे सगळं वजन येतं छातीवरच्या त्याच पट्ट्यावर, जिथे जखम आहे.

प्रशिक्षणातल्या मुलीच सकाळी सिलिंडर मोजून गाडीत चढवतात ना? म्हणजे त्या जखमेवर किती ओझं पडणार हे रोज सकाळी तुझ्या हाताने ठरतं. मैत्रिणी तुला बाजू विचारतायत; तू आधी सिलिंडरांचा हिशोब बघ. सेंटरच्या मॅनेजरकडे जा आणि एकाच खेपेच्या जागी तीन खेपा मागून घे, तिन्हींचे पैसे सेंटरने द्यायचे. ऊन चढायच्या आत. जिथे वाळू खोल आहे तिथला शेवटचा टप्पा तुम्ही हातगाडीने करा. तुम्ही तरुण आहात, आठ-दहाजण असाल. चिदोमोला मोटारीचे टायर असतात. नावातला शेवटचा ‘मो’ त्या ‘मोबिल’चाच, मोटारीचा. कडक वाटेवर त्यात हवा कमी असली तर ओढणं जड होतं. तुमच्याकडे दिवसभर चालणारा हवेचा कॉम्प्रेसर आहे, पण तो टायरला लावायचा नसतो. सायकलवाल्याकडचा पंप आणा आणि दर दोन दिवसांनी हवा बघा. आणि जखम भरेपर्यंत तुमची खेप दुसऱ्या घोड्याने करायची, बापाकचा रोज मात्र चालू ठेवायचा, हे मॅनेजरकडून कबूल करून घेता आलं तर सगळ्यात उत्तम. तो नाही म्हणाला तर तुम्ही तिघींनी वर्गणी काढा. आठ-दहा दिवसांचा प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. त्या बेटांवर गोडं पाणी मुळात कमी. विहिरी मचूळ. माणसं पिण्यासाठी गॅलन विकत घेतात; घोड्यांपुढे मात्र पुष्कळदा ते मचूळ पाणीच येतं. विश्रांती घेणाऱ्या घोड्यालासुद्धा दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी लागतं. उन्हात गाडी ओढणाऱ्याला त्याहून जास्त, कारण घोडा आपल्यासारखा घामाने निथळतो आणि घामाबरोबर मीठ बाहेर टाकतो. त्यावर त्याला खारट पाणी द्यायचं म्हणजे तहानेवर तहान. तुमच्याकडचा गॅलन १९ लिटरचा असतो. दिवसाला दोन गॅलन, तिघींत मिळून. दोन-दोन कॉफ्यांचा खर्च असेल फार तर. दाराबाहेर, सावलीत, रुंद तोंडाची बादली ठेवा. रोज घासा, कारण शेवाळलेल्या बादलीला घोडं तोंड लावत नाही. आणि ती फक्त मावारची ठेवू नका, वाटेवरच्या सगळ्यांची असू दे. एका शेजाऱ्याच्या घोडीसाठी ठेवलेली बादली त्या शेजाऱ्याला बोचू शकते. सगळ्यांसाठी ठेवली की ती पाणपोई होते. आपल्याकडे उन्हाळ्यात दारात रांजण ठेवतात तशी.

मावारला पाणी कमी पडतंय का, हे बघायला दोन खुणा सांगते. मानेवरची कातडी चिमटीत धर आणि सोड. लगेच सपाट झाली तर ठीक, घडी क्षणभर तशीच राहिली तर पाणी हवंय. दुसरी, वरचा ओठ हलकेच उचलून हिरडी अंगठ्याने दाब. पांढरा ठसा दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. हिरडी ओलसर हवी. आणि तिच्या नाकपुड्यांकडे बघ. घोडा फक्त नाकाने श्वास घेतो, त्याला तोंडाने घेता येतच नाही. तू पाण्याखाली नेमकी उलट असतेस, सगळा श्वास तोंडाने. म्हणून तुला कदाचित कळेल की श्वासाला एकच वाट असणं म्हणजे काय. नाकपुड्या फुलून लाल दिसत असतील आणि उभं राहूनही श्वास खाली येत नसेल तर तिला सावलीत न्यायला सांग, लगेच, कुणाला कसं वाटेल याचा विचार न करता.

बापाकशी बोलायचं कसं, हे नागपूरची मैत्रीण जास्त चांगलं ठरवेल, कारण ती त्यांच्या जवळची दिसते. मी असते तर मगरिबची, सूर्यास्ताची अजान होऊन गेल्यावर, घोडी सोडून ते ओट्यावर टेकले की गेले असते. गिऱ्हाइकांसमोर, होडीच्या धक्क्यावर, घाईत अजिबात नाही. त्यांच्याच नारळाच्या वड्या करून ने. आणि ‘तुम्ही तिला दुखावताय’ असं सुरू करू नका. विचारा, ‘बापाक, हे कधीपासून? तिला इथे हात लावू देते का?’ ज्याने जन्म घोड्यात काढलाय त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं, आणि बऱ्याचदा त्याला हेही माहीत असतं की आपण चुकतोय, फक्त पर्याय नसतो. २०१८ साली ऑगस्टमध्ये लोंबोकला मोठा भूकंप झाला, ६.९ तीव्रतेचा, पाचशेच्या वर माणसं गेली. त्या दिवसांत पर्यटक मिळेल त्या होडीने गिलीवरून निघाले. बापाक तेव्हा कुठे होते, मावार होती का, हे विचार एकदा. शेजाऱ्याची ओळख नारळांपुरती ठेवू नये.

जखमेसाठी: उकळून गार केलेल्या पाण्यात थोडं मीठ घालून धुवायची, दिवसातून दोनदा, स्वच्छ फडक्याने टिपायची. माशा बसू द्यायच्या नाहीत. पट्टा त्या जागेवर येताच कामा नये. आमची आजी जुनेराची जाड गोल चुंबळ करायची, मधे भोक, आणि ती अशी बांधायची की जखम भोकात मोकळी राहील. पण चुंबळ ही वेळ मारून न्यायची सोय आहे, खरा उपाय विश्रांतीच. हळद-तेल, पेस्ट, कुणी दिलेलं मलम, काही लावू नका. घोड्याच्या डॉक्टरला दाखवा. बेटावर गिली इको ट्रस्ट आहे, त्यांनी घोड्यांसाठी मोफत तपासणी शिबिरं भरवली आहेत. पुढचं शिबिर कधी, आणि मधल्या काळात लोंबोकहून कुणाला बोलावता येईल, हे त्यांना विचारा. लिस्बनच्या मैत्रिणीला फोटो काढायचाच आहे ना? तिलाच सांग, दर तीन दिवसांनी काढ, फक्त जखमेचा, त्याच जागेवरून, शेजारी स्वतःचं बोट ठेवून. डॉक्टरला त्या फोटोंचा खरोखर उपयोग होतो.

तुम्ही तिथे प्रवाळासाठी पाण्यात उतरत असाल. लोखंडी सांगाड्यातून बारीक वीज सोडली की समुद्रातला चुना त्यावर साचतो आणि त्यावर प्रवाळ धरतं; त्रावांगानभोवती असे शंभराहून जास्त सांगाडे आहेत. ब्रश घेऊन ते साफ करणारे हात मला फार आवडतात. ते काम कसं असतं, तुला माहीत आहे. एका दिवसात काही दिसत नाही. तोच सांगाडा, तेच शेवाळ, पुन्हा पुढच्या आठवड्यात. मावारचं कामही त्याच जातीचं आहे, आणि ते तुमच्या दारात आहे.

कुणी म्हणेल, सरळ घोडेच बंद करा. मला हे माथेरानबद्दलही ऐकायला मिळतं. मी लहानपणापासून माथेरानला जाते. मोटारी नाहीत म्हणून तिथे झाडांचा आवाज ऐकू येतो, आणि त्या आवाजासाठी आपण जातो. पण मोटारी थांबतात तिथल्या अमन लॉजपासून पुढे आपल्याला आणि आपल्या बॅगांना वर्षानुवर्षं कुणीतरी वाहून नेत आलंय, घोडा किंवा माणूस. मोटारीची घरघर नको असेल तर तिच्या जागी ओझं ओढणाऱ्याचं खाणंपिणं, औषधपाणी, सुट्टी ही आपली जबाबदारी आहे असं मी मानते. त्रावांगानवर तू सकाळी उठतेस ते टापांच्या आणि घुंगरांच्या आवाजाने, हॉर्नने नाही. ते सुख मावार तुला देते. पुढेमागे विजेच्या गाड्यांनी बरंचसं ओझं ओढलं तर मला आनंदच होईल, पण तोवर मावारला उद्या सकाळी पुन्हा पट्टा चढणार आहे.

मैत्रिणींचं भांडण मला मोठं वाटत नाही. दोघींना मावारचं वाईट वाटतंय, फक्त एकीला गप्प बसवत नाही आणि दुसरीला शेजाऱ्याची मान खाली गेलेली बघवत नाही. दोघींपैकी कुणाचीच बाजू घेऊ नकोस. आज रात्री दोघींना एका ताटाभोवती बसव, आणि मावारबद्दल बोलायच्या आधी तुझा कान सांग. पहिल्यांदा तोच. ‘माझ्या उजव्या कानाला अकरा दिवस दडे बसलेत, मी लपवलं, मला भीती वाटतेय.’ एवढं एक वाक्य. चार दिवस न बोललेल्या दोघी त्या वाक्यानंतर एकमेकींशी बोलतील, मला खात्री आहे. निदान तुला होडीवर कोण घेऊन जाणार यावरून तरी बोलतील. इंडोनेशियन भाषेत आप्ताला ‘सौदारा’ म्हणतात. तो आपल्या ‘सहोदर’चाच भाऊ, एका पोटचा. तुम्ही तिघी तीन आयांच्या आहात, पण एका समुद्रात एकमेकींच्या हवेच्या भरवशावर उतरता. ते नातं काही कमी नाही.

आईला रविवारची वाट न बघता फोन कर, डॉक्टरकडून आल्यावर. आधी घाबरेल, मग चिडेल, मग कानात ऊन तेल घाल म्हणेल. तेल घालू नकोस. बाकी तिचं सगळं ऐकून घे.

परत येऊ का, हा प्रश्न दुखऱ्या कानाने आणि भांडणाच्या आठवड्यात सोडवू नकोस. शिवाय डॉक्टरने हो म्हणेपर्यंत तुला विमानात बसताही येणार नाही; आणि कान बरा असला तरी रोज डाइव्ह करणाऱ्याने शेवटच्या डाइव्हनंतर १८ तास थांबूनच विमान धरायचं, हे तुला माहीत आहेच. कान बरा होऊ दे. दीड महिना किनाऱ्यावर राहिलीस तर बेट वेगळं दिसेल, मग ठरव. यावंसं वाटलं तर तारकर्लीला सरकारी स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, मालवणच्या समुद्राला जाणती माणसं हवीच आहेत. राहावंसं वाटलं तर राहा, मला दोन्ही चालेल. प्रशिक्षण एक सीझन लांबेल, लांबू दे. या दीड महिन्यात होडीवर जाता येणार नाही, तर सकाळी मावारबरोबर चाल. खरारा करायला शीक. बापाक शिकवतील.

मला दोन गोष्टी कळव. डॉक्टर काय म्हणाला ते, जसंच्या तसं. आणि मावारची जखम आज किती बोटं रुंद आहे ते मोजून ठेव, पंधरा दिवसांनी पुन्हा मोज, दोन्ही आकडे लिही.

– तुझी, ताई